बाबांचं स्मार्टवॉच आणि माझी उडालेली झोप: घरच्या हेल्थ गॅजेटचा खरंच काही उपयोग आहे का?

मनीषनगरची_लेक
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या. बाबा ७१ वर्षांचे, बीपीची गोळी दहा-बारा वर्षं झाली सुरू आहे, शुगर बॉर्डरला. आई ६६, तिला थायरॉइड सोडलं तर काही नाही. दोघं नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहतात, मी मनीषनगरला, भाऊ बंगलोरला. भावाने दिवाळीत बाबांना स्मार्टवॉच दिलं आणि तेव्हापासून घरातली शांतता गेली ती गेलीच. बाबा दर अर्ध्या तासाने ऑक्सिजन बघतात. ९३ आलं की मला फोन, "बेटा, ९३ दाखवून राहिलं." परत लावा म्हटलं की ९८. परवा रात्री पावणेदोनला घड्याळाने बीपी १६२ दाखवलं, बाबांना घाम फुटला, आई रडायला लागली, मी नाइटड्रेसवर ओढणी घेऊन गाडी काढली आणि धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेलो. तिथे बीपी १३८/८२, ईसीजी नॉर्मल. साडेतीन हजाराचं बिल आणि सकाळी नऊला माझं ऑफिस.

आता भाऊ म्हणतो की घड्याळ स्वस्तातलं होतं म्हणून असं होऊन राहिलं, आपण चांगला पूर्ण सेट घेऊ. म्हणजे ईसीजीवालं घड्याळ, ब्लूटूथचं बीपी मशीन, शरीरातली चरबी सांगणारा वजनकाटा, गादीखाली टाकायची झोप मोजणारी पट्टी आणि दंडाला चिकटवायचा शुगरचा सेन्सर. सगळं मिळून साठ-सत्तर हजाराच्या घरात जातंय. सगळं ॲपवर त्याला तिकडे दिसेल आणि मला इथे दिसेल. दिसेल त्याला, पळावं लागेल मला, हे तो सोयीस्कर विसरतो, पण ते जाऊ द्या. मला एवढंच विचारायचं आहे की डॉक्टर लोकांना या आकड्यांचा काही उपयोग होतो का, की नुसता टाइमपास आहे?

तर्री_जास्त
घड्याळ कपाटात ठेवा, बाबा आपोआप ठीक होतील 😀 माझ्या सासऱ्यांचं असंच होतं, रोज स्ट्रेस स्कोअर बघून बघून स्ट्रेस वाढला त्यांचा. एक दिवस चार्जर हरवला (मीच हरवला), तेव्हापासून मजेत आहेत.

मशीन_दुरुस्तीवाला
मी हॉस्पिटलच्या मशीनी दुरुस्त करतो, बायोमेडिकलचं काम, पंधरा वर्षं झाली. ताई, घड्याळ स्वस्त की महाग हा मुद्दा आहे पण पहिला मुद्दा तो नाही. ऑक्सिजन मोजायची पद्धत अशी की लाल आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा उजेड चामडीतून सोडतात, ऑक्सिजनवालं रक्त एक जास्त शोषतं आणि बिनऑक्सिजनवालं दुसरा, त्यावरून टक्का काढतात. बोटाला चिमटा लावला की उजेड आरपार जातो, सिग्नल तगडा मिळतो. मनगटावर आरपार जायला हाड आहे न मधे, म्हणून उजेड परत फिरून येतो तेवढाच वाचायचा. त्यात पट्टा ढिला, हात हलला, हात थंड पडले की गेलं काम. आणि बोटाचा चिमटा पण काही देवाचा शब्द नाही, नेलपॉलिश असली किंवा गडद मेंदी असली तर तोही चुकतो. २०२० च्या डिसेंबरमधे अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता, तर हॉस्पिटलच्या मशीनींमधे सुद्धा काळ्या रंगाच्या पेशंटचा खरा ऑक्सिजन कमी असून मशीन ठीक दाखवते असं गोऱ्यांपेक्षा जवळपास तिप्पट वेळा झालं होतं. आपण काही गोरेपान नाही, त्यामुळे दोन-तीन टक्के इकडेतिकडे धरूनच चालायचं. ९३ मग लगेच ९८ म्हणजे बाबांचा ऑक्सिजन बदलला नाही, पट्टा सरकला.

बीपीचं तर विचारूच नका. ज्या घड्याळात फुगणारा पट्टा नाही ते बीपी मोजत नाही, अंदाज लावतं. आधी खऱ्या मशीनीने मोजून त्याला शिकवावं लागतं, आणि जी जरा बरी घड्याळं आहेत त्यांना हे दर चार आठवड्यांनी परत करावं लागतं. दोन हजारवाल्या घड्याळाला कोणी शिकवलं हो? शिवाय हात हृदयाच्या खाली असला की आकडा वाढतो, दर दहा सेंटिमीटरला साधारण ७-८ पॉइंट. मनगटाला बांधायचं कुठलंही मशीन घ्या, हात मांडीवर ठेवून मोजलं तर तेवढ्यानेच वाढीव दाखवतं.

धंतोलीचा_फिजिशियन
वरच्या भाऊंनी बरोबर लिहिलं आहे. मी रोज ओपीडीत हे बघतो. लोक फोन पुढे करतात, "सर, महिन्याचा ग्राफ बघा". मी बघतो, पण खरं सांगू का, त्या ग्राफवरून मी आजवर फार कमी वेळा गोळी बदलली असेल. वहीत लिहिलेल्या बीपीवरून मात्र दर आठवड्याला बदलतो.

ताई, तुमच्या भावाच्या यादीतून एकच वस्तू ठेवा, दंडावर बांधायचं बीपी मशीन, आणि त्याला ब्लूटूथ नसलं तरी चालतं. दोन-अडीच हजारात मिळतं. फक्त दंडाचा घेर टेपने मोजून घ्या. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंमीचा असतो, दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर बीपी खोटंच जास्त येतं. मग मोजायची पद्धत. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा शर्टाच्या बाहीवर नाही तर उघड्या दंडावर, पाच मिनिटं गप्प बसायचं आणि मगच बटण दाबायचं. अर्धा तास आधी चहा नाही, आणि बाबा खर्रा (तंबाखू-सुपारी) खात असतील तर तोही नाही (विचारा, पेशंट लपवतात). लघवी करून बसायचं. मोजताना बोलायचं नाही, आणि बायकोनेही त्यांच्याशी बोलायचं नाही. सकाळी गोळीच्या आधी दोनदा, एका मिनिटाच्या अंतराने, संध्याकाळी तसंच दोनदा, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून द्यायचा, बाकीची सरासरी काढायची. घरी सरासरी १३५/८५ किंवा वर आली तर जास्त धरतो. दवाखान्यात १४०/९० ची रेघ आहे, घरची थोडी खाली असते. सात दिवस झाले की मशीन कपाटात, पुढच्या भेटीच्या आधी परत काढायचं.

रात्री पावणेदोनला झोपेतून उठून घाबरलेल्या माणसाचं बीपी १६२ येणं हा आजार नाही, ते शरीराचं नॉर्मल काम आहे. बाबांना छातीत दुखत नव्हतं, दम लागत नव्हता, हात-पाय लुळे पडले नव्हते, बोबडी वळली नव्हती, तर आकड्यासाठी रात्री पळायची गरज नव्हती. यातलं काही असेल तर मात्र आकडा न बघता पळायचं, घड्याळ काहीही सांगो.

मनीषनगरची_लेक
सर, खूप धन्यवाद. खर्रा नाही खात, पण दिवसातून सहा वेळा चहा आहे. पण भाऊ म्हणतो की ईसीजीवालं घड्याळ हार्ट अटॅक आधीच सांगतं?

धंतोलीचा_फिजिशियन
नाही सांगत. हे मोठ्या अक्षरात लिहून भावाला पाठवा. घड्याळाचा ईसीजी एका बाजूने बघतो, आम्ही बारा बाजूंनी बघतो. ऍपलने २०१८ मधे ईसीजीवालं घड्याळ आणलं तेव्हापासून ते स्वतःच सांगतात की हे हार्ट अटॅक ओळखत नाही. माझी भीती उलटीच आहे. छातीत दुखत असताना माणूस घरी बसून घड्याळ लावतो, "नॉर्मल" येतं आणि तो गॅसची गोळी घेऊन झोपतो. ते घड्याळ एट्रियल फिब्रिलेशन शोधायला आहे, म्हणजे हृदयाचे ठोके ताल सोडून वेडेवाकडे पडतात तो प्रकार.

संत्र्याची_फोड
मी इथे थोडं वेगळं सांगते. माझी आई, ७४ वर्षं, प्रतापनगर. तिला काहीच त्रास नव्हता, फक्त थोडं थकल्यासारखं वाटायचं आणि आम्ही सगळे म्हणायचो वय झालं. घड्याळाने दोन आठवड्यांत तीनदा ठोके अनियमित असल्याचं दाखवलं. मी पण आधी हसण्यावारी नेलं. मग डॉक्टरांनी २४ तासांचं होल्टर (दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं मशीन) लावलं आणि तेच निघालं. आता रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे. त्या प्रकारात हृदयात गुठळी होऊन मेंदूत जाते आणि लकवा होतो असं आम्हाला समजावलं. तेव्हा सगळ्यांनी सरसकट कपाटात ठेवा म्हणू नका, माझ्या आईला घड्याळामुळेच कळलं.

धंतोलीचा_फिजिशियन
ताई, तुमचं बरोबर आहे आणि आईचं वेळेत कळलं हे फार चांगलं झालं. आधी बीपी किंवा शुगर असलेल्या ७४ वर्षांच्या बाईमधे असा इशारा आला तर मी कधीच हसण्यावारी नेणार नाही. ३० वर्षांच्या पोराला आला तर आधी विचारीन की रात्री किती जागलास.

याच्यावर ऍपलच्या घड्याळाचा मोठा अभ्यास २०१९ मधे आला, सव्वाचार लाखाच्या आसपास लोक होते. त्यात इशारा फक्त अर्धा टक्का लोकांना आला. ज्यांना आला त्यांना छातीवर चिकटवायची ईसीजीची पट्टी पाठवली, ज्यांनी लावून परत पाठवली त्यांच्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांमधेच ते सापडलं. बाकीच्यांचं खोटं होतं असं नाही, हा प्रकार येतो-जातो. पण पुढची अडचण अशी की सापडणं वेगळं आणि सापडल्यामुळे लकवा टळणं वेगळं. डेन्मार्कमधे ७० च्या पुढच्या लोकांच्या चामडीखाली ठोके नोंदवणारं यंत्र बसवून बघितलं, २०२१ मधे निकाल आला. फिब्रिलेशन तिप्पट सापडलं, गोळ्याही तिप्पट सुरू झाल्या, लकवे मात्र म्हणावे तसे कमी झाले नाहीत. म्हणून सगळ्यांना घड्याळ घाला म्हणायची हिंमत अजून कोणाची नाही. तुमच्या आईसारख्यांना फायदा होतो, पण आधी ओळखायचं कसं की तो पेशंट कोणता, तिथे आम्ही अडतो.

रिटायर्ड_ओव्हरसियर
नमस्कार. वय ७३, पीडब्ल्यूडीतून रिटायर. माझा अनुभव लिहितो, मोठं होईल. मी २०१९ पासून बीपी वहीत लिहितो, नंतर नातवाने एक्सेल शिकवलं, आता दोन्हीकडे लिहितो. तीन वर्षांचे आकडे एकाखाली एक ठेवले तेव्हा दिसलं की एप्रिलपासून माझं बीपी उतरून राहिलं आणि नोव्हेंबरात परत चढून राहिलं, दरवर्षी. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, नवतपात तर कूलरसमोर बसूनही अंगाचं पाणी होते. घाम जातो, नसा फैलतात, बीपी उतरते, आणि गोळी तर थंडीतलीच चालू. मे मधे सकाळी उठलो की डोळ्यासमोर अंधारी, एकदा बाथरूममधे पडता पडता वाचलो. घरचे म्हणे ऊन लागलं, कैरीचं पन्हं प्या. वही घेऊन डॉक्टरकडे गेलो, उभं राहून बीपी पाहिलं त्यांनी, १०४ निघालं. उन्हाळ्यापुरता डोस कमी करून दिला. आता दरवर्षी मार्चच्या शेवटी आकडे घेऊन जातो, ते ठरवतात. स्वतःच्या मनाने गोळी कमी करू नका कोणी, हे हात जोडून सांगतो, माझ्या एका मित्राने केली आणि दिवाळीत आयसीयू पाहिला.

आणखी एक. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असते, ३० डिग्रीच्या वर ठेवू नका. मी गांधीबागेतून होलसेलमधे दोन डब्या स्वस्तात आणल्या आणि स्कूटीच्या डिक्कीत विसरलो, मे महिना, चार तास. मग शुगर एकदा २४०, लगेच दुसऱ्या बोटावर १६०. मी मशीनला शिव्या दिल्या, चूक माझी होती. फ्रीजमधे पण ठेवू नका, ओल पकडते. आमच्याकडे माठाच्या बाजूला, सावलीत, डबी घट्ट लावून ठेवतो.

तर्री_जास्त
काकाजी, तुमची वही बघायला आवडेल. मी आजवर नुसती पेट्रोलची वही ठेवली.

गडचिरोली_रिटर्न
सरकारी नोकरीत सहा वर्षं गडचिरोलीत होतो, आता नागपुरात आहे. एक मुद्दा कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो, विदर्भातल्या लोकांनी तरी लक्ष द्या. आपल्याकडे सिकलसेल (आईवडिलांकडून येणारा लाल पेशींचा आजार) भरपूर आहे, आणि नुसता वाहक असलेल्यांना तर माहीतही नसतं. शुगरचं तीन महिन्यांचं जे एचबीएवनसी करतात ते लाल पेशीवर किती साखर चिकटली ते मोजते. सिकलसेलमधे लाल पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, मग रिपोर्ट खोटा चांगला येतो. नुसत्या वाहकामधे पण तो थोडा कमी येऊ शकतो. माझ्या एका सहकाऱ्याचं असंच झालं, एचबीएवनसी ५.९ आणि घरच्या ग्लुकोमीटरवर जेवणानंतर २२० च्या वर. वर्षभर तो म्हणत होता मशीन खराब आहे. मशीन बरोबर होतं. तेव्हा रिपोर्ट आणि घरचा आकडा जुळत नसेल तर दर वेळी दोष घरच्या मशीनला देऊ नका, डॉक्टरांना दोन्ही दाखवा आणि सिकलची टेस्ट झाली आहे का ते सांगा.

रात्रीची_आई
दंडाच्या सेन्सरबद्दल मी बोलते कारण आमच्या घरी तो दोन वर्षांपासून आहे. मुलगा ९ वर्षांचा, टाइप वन डायबिटीस, दिवसातून चार इन्सुलिनची इंजेक्शनं. आधी रात्री दोनला आणि पाचला उठून बोट टोचायचे, तो झोपेत हात मागे ओढून घ्यायचा आणि मला रडू यायचं. आता ७० च्या खाली जायला लागलं की माझ्या उशाशी फोन वाजतो, ग्लुकोज पाजते आणि परत झोपतो आम्ही दोघं. आमच्यासाठी हा सेन्सर गॅजेट नाही. पण खर्च बघा, एक सेन्सर दोन आठवडे चालतो, साधारण चार-पाच हजाराचा, म्हणजे महिन्याला दोन. आणि तो पण फसवतो. त्या कुशीवर झोपला आणि सेन्सर दाबला गेला की खोटंच कमी दाखवतो. शिवाय तो रक्तातली नाही, चामडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, त्यामुळे खेळून आला किंवा नुकतंच जेवला की दहा-पंधरा मिनिटं मागे असतो. अंगाला घाम आणि आकडा ठीक असं दिसलं की मी अजूनही बोट टोचते. बॉर्डरलाइन शुगरच्या आजोबांना याची काय गरज आहे ते मला कळलं नाही, ताई, राग मानू नका.

मनीषनगरची_लेक
राग कसला, ताई. उलट तुमचं वाचून भावाला लगेच फोन केला, सेन्सर कॅन्सल. आता तो म्हणतोय न टोचता शुगर सांगणारी अंगठी मिळते, ती घेऊ 🤦‍♀️

मशीन_दुरुस्तीवाला
ती तर अजिबात नको. चामडी न टोचता स्वतःहून शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली नव्हती आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांनी तसं जाहीरच सांगितलं, वापरू नका म्हणून. त्या आकड्यावर कोणी इन्सुलिन घेतलं तर जीव जाईल. आपल्याकडे पण बीपी मशीन, ग्लुकोमीटर, थर्मामीटर हे सगळं औषधाच्या कायद्यात येतं, सीडीएससीओ म्हणजे केंद्राचं औषध नियंत्रण खातं ते बघतं. फिटनेस बँडवाले खोक्यावरच बारीक अक्षरात लिहून देतात की हे वैद्यकीय उपकरण नाही. एवढं मोठं खोकं, आणि तेवढी एकच ओळ खरी.

वजनकाट्याचं पण सांगून ठेवतो. चरबीवाला काटा पायातून बारीक करंट सोडतो, पाणी जास्त प्यालात की चरबी बदलते त्याच्या हिशोबाने. पेसमेकरवाल्यांनी त्याच्यावर उभंच राहू नये.

धंतोलीचा_फिजिशियन
साधा काटा मात्र हार्ट फेल्युअरच्या पेशंटला मी स्वतः घ्यायला लावतो. तीन दिवसांत दोन किलो वाढलं म्हणजे अंगात पाणी साचतंय, दम लागायच्या आधी फोन करा असं सांगून ठेवतो. सातशे रुपयांचा काटा आहे, ॲप नाही. तुमच्या बाबांना तो त्रास नाही, त्यामुळे त्यांना नको. झोपेच्या पट्टीऐवजी आईंना विचारा, बाबा जोरात घोरतात का आणि मधेच श्वास थांबल्यासारखा होतो का. त्यांच्याइतकी चांगली मशीन बाजारात नाही. आणि उरलेल्या पैशातून बाथरूममधे धरायला दांडी बसवून घ्या, ओव्हरसियर काकांचं वाचलंत न.

मनीषनगरची_लेक
बारा दिवसांनी अपडेट देतेय, उशीर झाला. भावाशी एकदा चांगलंच वाजलं, मग पटलं त्याला. सीताबर्डीतून दंडावरचं मशीन घेतलं, २,३०० ला. बाबांचा दंड ३४ निघाला म्हणून मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागला, दुकानदार म्हणत होता हाच चालतो, घ्या हो, नाही ऐकलं. बाथरूमला दांडी लागली. बाबांना वही दिली आणि त्यांनी त्यावर स्केलने रकाने आखले, रिटायर्ड बँकवाले आहेत न. पाच मिनिटं गप्प बसायचं हेच सगळ्यात कठीण गेलं. सात दिवसांची सरासरी १३१/७८. घड्याळ फ्रीजवर पडलं आहे, चार्ज संपलेलं, परवा एकदा विचारलं त्यांनी, मग विसरले.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तिसऱ्या दिवशी बाबा आईला म्हणाले, तू पण लाव, मला एकट्याला कंटाळा येतो. आईचं १५६/९२. मी म्हटलं पहिल्यांदा लावलं, घाबरली असेल, सरांनी सांगितलं तसं सात दिवस मोजा. काल सात दिवस झाले. पहिला सोडून सरासरी १५१/९०. जिला काही नाही असं आम्ही सगळे धरून बसलो होतो तिचं. थायरॉइडच्या गोळीसाठी दर सहा महिन्यांनी रक्त द्यायची, बीपी कोणी कधी बघितलं तेच तिला आठवत नाहीये. आणि त्या रात्री कॅज्युअल्टीत आम्ही बाबांना तीन वेळा पट्टा बांधून घेतला, ती बाजूच्या स्टुलावर पर्स धरून बसून होती.

आई म्हणते मला काय झालंय, माझं डोकं पण दुखत नाही. सर, शनिवारी दाखवायला नेतेय. वही नेऊ की मशीन पण सोबत नेऊ?

धंतोलीचा_फिजिशियन
दोन्ही न्या. मशीन तिथल्या मशीनशी एकदा लावून बघतील. डोकं न दुखणं हेच बीपीचं नेहमीचं लक्षण आहे, आईंना सांगा. सकाळची थायरॉइडची गोळी नेहमीसारखी घेऊ द्या, आणि दंड मोजला का त्यांचा? बाबांचा मोठा पट्टा आईंना लावला असेल आणि दंड बारीक असेल तर खरं बीपी याहून थोडं जास्तच असेल.

मनीषनगरची_लेक
अरे देवा. तोच लावला. आत्ता टेप घेऊन जाते.